ऊन सोलापुरात आहे, अंगावर कुठे आहे?

उन्हाळा लागला की फोनवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा : सोलापूरला बारा महिने ऊन, त्यामुळे इथे व्हिटॅमिन डी कमी पडणं शक्यच नाही. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात दहा मिनिटं बसा, दूध-तूप खा, गव्हाच्या दाण्याएवढा चुना घ्या. व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची गोळी विषारी आहे, आणि तिचा हाडांना काही उपयोग नाही हे परदेशात सिद्ध झालंय.

या दाव्यांपैकी शेवटच्या दोनांत थोडं तथ्य आहे, पण ते भलत्याच जागी लावलंय. असा मजकूर वाचून घरात पडून असलेल्या आजीची गोळी बंद केली जाते, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

ऊन भरपूर, मग कमतरता कशी?

त्वचेत डी तयार होतं ते उन्हातल्या अतिनील-बी किरणांमुळे. हे किरण उघड्या त्वचेवर पडावे लागतात, गावावर पडून भागत नाही. आपला दिवस कसा जातो ते बघा. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की अकरा ते चार दारं-खिडक्या बंद. स्कूटीवर निघायचं तर तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट, हातात मोजे. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा सकाळी घरी येऊन पडदा ओढून झोपतो, आणि दिवसपाळीवाला पत्र्याच्या शेडखाली उभा असतो. विडी कामगार बाई मांडीवर सूप घेऊन दाराच्या आत बसलेली असते. ऊन उंबऱ्यापर्यंत येतं, तिच्या अंगावर येत नाही. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे किरण अडवतं, त्यामुळे गोऱ्या त्वचेला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट आपल्याला लागतो.

डी पुरेसं असलं तर आतडं अन्नातल्या कॅल्शिअमपैकी साधारण ३० ते ४० टक्के शोषतं. फारच कमी असलं तर १० ते १५ टक्क्यांवर येतं. रक्तातलं कॅल्शिअम घसरू नये म्हणून गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते काढून घेतात. वर्षानुवर्षं हे चाललं की हाड मऊ पडतं. त्याची खूण घरात दिसते. जमिनीवर बसलेली बाई उठताना आधी दाराची चौकट धरते, मग गुडघ्यावर हात टेकते, मग उठते. मांड्यांत ताकद नाही, कंबर आणि बरगड्या दाबल्या की दुखतात, चाल बदकासारखी डुलती झालेली. याला ‘वयाचं दुखणं’ म्हणून तेल चोळत बसण्यात वर्षं जातात, आणि याची फार हळहळ वाटते, कारण हाडं मऊ होण्याचा हा आजार बहुतेकदा औषधाने बरा होतो.

सकाळी सातचं कोवळं ऊन

हा दावा सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत निरुपयोगी. सूर्य खाली असताना किरणांना वातावरणाचा जाड थर ओलांडावा लागतो, आणि अतिनील-बी त्यातच गाळले जातात. साधी कसोटी सावलीची. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान असेल तर डी बऱ्यापैकी बनतं, लांब असेल तर फारच थोडं. मे महिन्यात सकाळी सातला सोलापुरात सावली उंचीच्या सुमारे चार पट असते.

सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७ अंश उत्तर. त्यावरून हिशेब असा निघतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथे शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, आणि त्या सुमाराला सकाळी सव्वानऊ-साडेनऊपासूनच सावली उंचीपेक्षा लहान होते. डिसेंबरात मात्र हे फक्त सव्वाअकरा ते दीडच्या दरम्यान घडतं. म्हणून उन्हाळ्यात साडेनऊ ते साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकराच्या पुढे गच्चीवर जा. दंड, पोटऱ्या, पाठ जमेल तेवढी उघडी ठेवा, चेहऱ्यावर सावली असू द्या. वीस मिनिटांपासून सुरुवात करून अर्ध्या-पाऊण तासापर्यंत जा. कातडी लाल व्हायच्या किंवा चटका बसायच्या आत सावलीत या. मेच्या भर दुपारी म्हाताऱ्या माणसाला उन्हात बसवणं हे उष्माघाताला दिलेलं निमंत्रण-पत्र आहे, ते कदापि करू नका. बंद काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही. काच ऊब आत सोडते, अतिनील-बी जवळजवळ सगळे अडवते.

दूध, तूप आणि चुना

तुपात डी नगण्य. अंड्याच्या एका बलकात साधारण ४० युनिट. पिशवीच्या दुधावर ‘एफ’ची निळी पोषणवर्धित खूण असेल तर लिटरला २०० ते ३०० युनिट, म्हणजे पाव लिटर दुधात फार तर ७५. प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरतात, सत्तरीपुढे ८००. अन्नातून ती भरत नाही.

चुन्याचं गणितही मांडून बघा. गव्हाच्या दाण्याएवढ्या ओल्या चुन्यात कॅल्शिअम वीस-पंचवीस मिलिग्रॅमच्या वर जात नाही, आणि गरज रोज १००० मिलिग्रॅमची. डी तर त्यात नाहीच. वर तो दाहक : जास्त झाला की तोंड, अन्ननलिका भाजते. पाव लिटर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळतं, शंभर ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास. आपल्या ज्वारीत मात्र शंभर ग्रॅमला तिशीच्या आतच. तेव्हा भाकरी आणि शेंगा चटणीच्या ताटात एक वाटी दही हवंच. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ थापतात, ते एरवीही थापावेत.

साठ हजारची गोळी विषारी

आकडा मोठा दिसतो, कारण ती आठवड्याची मात्रा आहे. ६०,००० ला सातने भागा, दिवसाला साधारण ८,६०० युनिट होतात. कमतरता ठरलेल्या प्रौढाला ती आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देण्याची पद्धत आहे, पुढे डॉक्टर सांगतील तशी महिन्याला एक किंवा रोजची लहान मात्रा. डी शरीरात साठतं, रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून आठवड्याची मात्रा चालते.

विषबाधा खरंच होते, पण ती घेण्याच्या चुकीमुळे. नेहमी दिसणाऱ्या चुका अशा. चिठ्ठीवरचं ‘आठवड्यातून एक’ न कळल्याने गोळी किंवा पावडरची पुडी रोज घेतली जाते. आठ आठवडे संपल्यावरही मेडिकलमधून परस्पर आणत राहतात. कंबर दुखते म्हणून सहा लाखांचं इंजेक्शन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टोचून घेतात, आणि सोबत गोळ्याही चालू असतात. मग रक्तात कॅल्शिअम चढतं : मळमळ, भूक मरणं, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, आणि म्हाताऱ्यांत एकाएकी गोंधळल्यासारखं बोलणं. असं दिसलं तर डी आणि कॅल्शिअम दोन्ही थांबवा आणि त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शिअम व क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) तपासून घ्या. उशीर केला तर मूत्रपिंडाला इजा होते.

घ्यायची कशी? एक वार ठरवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ खुणा करा, घेतली की खोडा. कॅप्सूल दिवसातल्या मोठ्या जेवणानंतर, कारण डी तेलातुपासोबत शोषलं जातं. पुडी असेल तर कपभर दुधात. कॅल्शिअम कार्बोनेट १२५० लिहिलेल्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शिअम ५०० मिलिग्रॅम असतं. ती जेवणासोबत घ्या, लोहाच्या गोळीसोबत नको, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. आणखी एक : कॅल्सिट्रायॉल किंवा अल्फाकॅल्सिडॉल हे कोलेकॅल्सिफेरॉलला (म्हणजे साठ हजारच्या गोळीतल्या साध्या डीला) ‘तेच आहे, चालेल’ म्हणून बदली घेऊ नका. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचं ते वेगळं, जोरकस औषध आहे. मुतखडा, मूत्रपिंडाचा आजार, क्षयरोग किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब देतात. बाटल्या मात्र दोन तऱ्हेच्या मिळतात, एका मिलिलिटरला ४०० आणि ८००. बाटली बदलली की आधी लेबल वाचा.

परदेशात सिद्ध झालंय

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २५,८७१ जण होते. रोज २००० युनिट घेऊनही फ्रॅक्चर कमी झाली नाहीत, हे खरंच आहे. पण ती माणसं कमतरता बघून निवडलेली नव्हती, बहुतेकांच्या रक्तात डी आधीच पुरेसं होतं. भरल्या हंड्यात पाणी ओतून हंडा भरत नाही असं म्हणण्यासारखं ते झालं. तेव्हा धडधाकट, उन्हात वावरणाऱ्या माणसाने हौसेने गोळ्या घेऊ नयेत, इथपर्यंत मजकुराचं म्हणणं बरोबर. ऊन न मिळणाऱ्यांना ते लागू होत नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या चाचणीत वृद्धाश्रमात राहणाऱ्या ३,२७० म्हाताऱ्या बायका होत्या. रोज ८०० युनिट डी आणि १२०० मिलिग्रॅम कॅल्शिअम दिल्यावर दीड वर्षात खुब्याची फ्रॅक्चर ४३ टक्क्यांनी कमी झाली. अंटार्क्टिकात मॅकमर्डो तळावर काळोख्या हिवाळ्यात राहणाऱ्यांना ४००, १००० आणि २००० युनिट रोज देऊन पाहिलं, तेव्हाही गोळीने रक्तातलं प्रमाण वाढलं, २००० च्या गटात सर्वांत जास्त.

उलट, वर्षातून एकदाच ५ लाख युनिट देण्याच्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात (२०१०) म्हाताऱ्या बायकांचं पडणं आणि फ्रॅक्चर दोन्ही वाढली. मोठ्या इंजेक्शनच्या हौसेला हे उत्तर पुरे.

खोलीबाहेर न पडणाऱ्या आजीसाठी रोज ८०० युनिट आणि ताटातून किंवा गोळीतून पुरेसं कॅल्शिअम एवढं सहसा तपासणीविनाही डॉक्टर सुरू करतात. हाडं दुखत असतील, उठता येत नसेल तर आधी रक्तात २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, कॅल्शिअम आणि अल्कलाइन फॉस्फटेज तपासा. अहवालात डीचं एकक बघा : मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम म्हणजेच लिटरला ५० नॅनोमोल. फेरतपासणी तीन महिन्यांनी, त्याआधी करून पैसे वाया जातात. आणि हाड आधीच विरळ झालं असेल, साध्या पडण्याने मनगट किंवा खुबा मोडला असेल, तर एकट्या डीवर विसंबू नका. हाडांची घनता मोजून घ्या, त्यावरची औषधं वेगळी आहेत.