ग्रीसमधल्या इकारिया बेटाच्या सहलीबद्दलच्या आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

वेळ काढून सविस्तर लिहिलंत, आभार. "वेलनेस ट्रिप म्हणून पैसे घेतले, पण योग नाही, मसाज नाही, डाएट प्लॅन नाही, बोट रद्द, दुकानं बंद, आणि आईला गरम पाण्याच्या कुंडात उतरूच दिलं नाही," असं आपलं म्हणणं आहे.

आधी आईंचं. थर्मा गावातल्या झऱ्यांचं पाणी नुसतं गरम नाही, त्यात रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहे, म्हणजे ते पाणीही किरणोत्सारी आहे. आईंना बीपीच्या गोळ्या चालू आहेत हे फॉर्मवर आपणच लिहिलं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी लागेल हे बुकिंगच्या वेळीच कळवलं होतं आणि ती आपल्याकडे नव्हती. आमच्या टूर मॅनेजरने त्यांना थांबवलं ते योग्यच केलं. माझ्या आईलाही मी उतरू दिलं नसतं.

बोटीचं म्हणाल तर जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून मेल्टेमी वारा सुटतो. तो फार वाढला की अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून बोटी सोडत नाहीत, तिथे कोणाचं काही चालत नाही. अथेन्समधल्या जादा रात्रीचा राहण्या-जेवणाचा खर्च आम्हीच केला.

आता दुकानं. ख्रिस्तोस राहेस या बेटावरच्या डोंगरातल्या गावात आपण दुपारी तीनला गेलात, तेव्हा गाव झोपलेलं असतं. तिथली दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, म्हणून आपली बस रात्री पुन्हा तिथे नेली होती. इकारियातली माणसं दीर्घायुषी म्हणून ओळखली जातात, आणि त्यांची ही दुपारची झोप बघायलाच तर आपण तिथे जातो! अथेन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये या बेटावर १,४२० जणांची पाहणी केली. त्यातले १३ टक्के लोक ऐंशीच्या पुढचे होते आणि त्या वयातल्या लोकांमध्ये दुपारी पडण्याची सवय सर्रास आढळली. बाकी त्यांचं जगणं म्हणजे डाळी-कडधान्यं, रानभाज्या, ऑलिव्हचं तेल, चढ-उताराच्या वाटा आणि रोजची शेजाऱ्यापाजाऱ्यांची सोबत.

आपण जिला "टाइमपास" म्हटलंत ती सकाळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. यजमान आजींच्या अंगणात सगळे शेंगा सोलत बसले होते. आजींनी वांगी, झुकिनी, कांदा, ढोबळी मिरची थरावर थर लावून भरपूर तेलात मंद आचेवर सुफिको ही तिथली मिश्र भाजी शिजवली. मध्येच शेजारीण आली, सेज या सुगंधी पाल्याचा काढा झाला, गप्पा लांबल्या. कोणी घड्याळ बघितलं नाही. तिथल्या माणसांचं आरोग्य यातच आहे. त्या जागी मसाजचं पॅकेज घालायचं म्हटलं तर बेट बघायचंच राहून जाईल, म्हणून ते मी घालणार नाही. आठ दिवसांत आयुष्य वाढतं असं आमच्या माहितीपत्रकात कुठेही लिहिलेलं नाही.

आईंना पुन्हा जायची इच्छा असेल तर मे महिन्याची तुकडी निवडा, तेव्हा वारा कमी असतो. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र आधी पाठवा. झऱ्यावर त्यांच्यासोबत आमच्या टीममधली एक मुलगी राहील.