खोट मापात, बोल मात्र अंगाला

भरलेल्या छातीच्या बायकांना ब्रा मिळत नाही, ही तक्रार जुनीच आहे. मला वाटतं खरी गोची त्याच्या पुढची आहे. ब्रा मिळते, पण चुकीची मिळते, आणि ती चुकीची आहे हे कुणी सांगत नाही. वर दोष आपल्याच अंगाला. "तुमची बॉडीच हेवी आहे ना मॅडम," असं म्हणत काउंटरवरची मुलगी ३६बी घट्ट होतेय म्हणून ३८बी पुढे सरकवते. आपणही "हो गं, आमचं असंच" म्हणतो आणि पिशवी उचलून बाहेर पडतो.

तर आज सरळच लिहिते. पुरुषांनीही वाचायला हरकत नाही, लाजण्यासारखं यात काही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: मोठ्या छातीला मोठा कप लागतो, मोठा बँड नव्हे. बँड म्हणजे छातीच्या खालून पाठीकडे जाणारा रुंद पट्टा. तो पुष्कळदा आपण घालतो त्यापेक्षा लहानच लागतो. दुकानात नेमकं उलटं होतं. कप कमी पडला की बँड वाढवून मिळतो, म्हणजे चपला पायाला अरुंद होतात म्हणून दोन नंबर लांब घ्यायच्या, तसला प्रकार.

आता हे आकडे आणि अक्षरं काय असतात ते बघू, कारण वर्षानुवर्षं ब्रा वापरणाऱ्या कितीतरी जणींना ते कुणी सांगितलेलंच नसतं. आकडा बँडचा. अक्षर म्हणजे छातीचा सगळ्यात भरलेल्या जागचा घेर आणि बँड यांच्यातला फरक. एक इंच फरक म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन सी, चार डी. म्हणजे नुसत्या अक्षराला काही अर्थच नाही. ३२डीचा कप आणि ३८डीचा कप शेजारी ठेवून बघा, एकात दुसरा सहज मावेल. आणि गंमत अशी की ३२डी, ३४सी आणि ३६बी या तिघींच्या कपात साधारण सारखंच मावतं, फक्त बँड वेगळा. यांना सिस्टर साईज म्हणतात. दुकानात तुमचं माप नसलं की यातलीच एखादी बहीण तुमच्या गळ्यात मारली जाते, आणि तीही बऱ्याचदा एक-दोन घरं लांबची.

मग चूक होते कुठे? मोजण्यातच. छातीखालचा घेर मोजायचा आणि त्यात चार इंच मिळवून बँड ठरवायचा, अशी एक जुनी रीत आहे. ही रीत ताणल्या न जाणाऱ्या कापडाच्या काळातली. लायक्रासारखा ताणणारा धागा १९५८ साली तयार झाला. त्याआधीच्या कापडात श्वास घ्यायला जागा ठेवणं भागच होतं. आजचा बँड स्वतःच ताणतो, तरी चार इंचांची मिळवणी काही सुटत नाही.

याचा परिणाम आकड्यांत बघा. एका बाईचा छातीखालचा घेर ३२ इंच आणि छातीचा घेर ३८. सरळ हिशेब केला तर फरक सहा इंच, म्हणजे ब्रिटिश मापात ३२ई. (अमेरिकन मापात हीच ३२डीडीडी होते. ब्रिटिश क्रम डी, डीडी, ई, एफ, एफएफ, जी असा चालतो, अमेरिकन वेगळा आणि युरोपचा सेंटिमीटरमधला आणखी वेगळा. ऑनलाइन मागवताना तक्ता कुठल्या देशाचा आहे ते आधी बघा, नाहीतर आगीतून फुफाट्यात.) जुन्या रीतीने मात्र ३२ अधिक चार, बँड ३६. छाती ३८, फरक दोन, म्हणजे ३६बी. तीच बाई, तेच अंग. बँड चार इंच ढिला आणि कप दोन मापं लहान. मग वरून मांस बाहेर येतं, काखेशी फुगवटे दिसतात, मागचा पट्टा मानेकडे चढतो आणि बाई म्हणते, मला वजन कमी करायला हवं.

तिला ३२ई म्हणून सांगा, ती घाबरेल. कारण डीच्या पुढची अक्षरं म्हणजे काहीतरी अचाट, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. याचंही मूळ जुनं आहे. १९३२च्या सुमाराला एस. एच. कॅम्प नावाच्या अमेरिकन कंपनीने छातीच्या मापाला ए ते डी अशी अक्षरं दिली. डी ही त्या शिडीची शेवटची पायरी होती. शिडी पुढे कितीतरी वाढली, पण आपल्या मनात डी अजून शेवटचीच. चार इंच म्हणजे साधारण तळहाताची रुंदी, आणि तीही सगळ्या घेरात वाटलेली. यात अचाट काय आहे?

दुकानदाराचं गणितही समजून घ्यायला हवं, नाहीतर सगळं खापर त्या काउंटरवरच्या मुलीवर फुटेल. बँडची सहा मापं आणि कपाची दहा धरली तर एकाच डिझाइनचे साठ नग होतात. त्यात तीन रंग आले की एकशे ऐंशी. एवढा माल अडकवून कोण बसणार? म्हणून मधली, पटापट खपणारी मापं ठेवायची आणि आलेल्या प्रत्येकीला त्यात बसवायचं. धंदा म्हणून हे मला कळतं. माझा राग आहे तो "आमच्याकडे तुमचं माप नाही" हे साधं वाक्य तोंडातून न निघण्यावर.

बँडवर मी इतकी का अडून बसलेय? स्तनात स्वतःचा असा उचलून धरणारा स्नायू नसतो. त्वचा आणि आतले कूपर लिगामेंट नावाचे बारीक तंतू एवढाच आधार. वजन जास्त असेल तर ते धरायचं काम ब्राचं, आणि ब्रामध्ये ते मुख्यतः बँडचं. फासळ्यांभोवती तो नीट बसला की वजन धडावर येतं. स्ट्रॅप फक्त कप जागेवर ठेवतात. बँड ढिला असेल तर तो मागून वर सरकतो आणि पुढून छाती खाली येते. आपण काय करतो, स्ट्रॅप आवळतो. आवळलेले स्ट्रॅप बँडला आणखी वर ओढतात. मग आणखी आवळा. माझ्या आईच्या दोन्ही खांद्यांवर बोट आडवं ठेवलं तर बसेल अशा खाचा आहेत. एक मैत्रीण स्ट्रॅपखाली रुमालाची घडी घालून ऑफिसला जाते. दोघींनाही हे वयाचं आणि जाडपणाचं वाटतं.

घरी मोजायचं तर शिंप्याची टेप पुरते. पॅड नसलेली पातळ ब्रा घाला किंवा काहीच नको. श्वास सोडून छातीच्या अगदी खाली टेप घट्ट धरा, आरशात बघून ती पाठीमागेही सरळ आडवी आहे ना याची खात्री करा. मागे खाली उतरलेली टेप खोटं सांगते. मग छातीचा घेर, टेप नुसती टेकवून. हा एकदा उभं राहून घ्या आणि एकदा कमरेतून वाकून, पाठ जमिनीला समांतर करून. भरलेली छाती उभं असताना खाली झुकते आणि टेपमध्ये पूर्ण येत नाही. दोन्हींत फरक पडला तर मधला आकडा धरा. यातून जे माप येईल ते सुरुवात करायला, अंतिम नव्हे, कारण दोन कंपन्यांचा ३४ सारखा असेलच असं नाही.

खरी परीक्षा ट्रायल रूममध्ये. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर लावून बसली पाहिजे. आतले हुक पुढे इलॅस्टिक सैल पडेल तेव्हासाठी असतात. पहिल्याच दिवशी आतला हुक लावावा लागला तर बँड मोठा आहे. हुक लावल्यावर पुढे वाका, उजवा हात डाव्या कपात घाला आणि काखेच्या बाजूचं सगळं पुढे ओढून कपात आणा. मग दुसरी बाजू. ही पायरी बहुतेक जणी गाळतात. काखेजवळच्या ज्या भागाला आपण चरबी म्हणून नावं ठेवतो, त्यातला काही भाग स्तनाचाच असतो. स्तनाची ऊती काखेकडे शेपटासारखी गेलेली असते. तो भाग कपात आला की मघाशी बरोबर वाटलेला कप एकदम अपुरा पडतो आणि तुमचं खरं माप तिथे कळतं.

आता आरशात बाजूने उभ्या राहा. बँड पुढून-मागून एका रेषेत हवा. दोन कपांच्या मधला तुकडा छातीच्या हाडाला टेकायला हवा. तो हवेत राहिला तर कप बहुधा लहान आहे. कपाच्या खालच्या कडेत शिवलेली वायर स्तनाच्या मुळाशी बसून काखेच्या मध्याकडे जायला हवी, स्तनावर चढायला नको. मग हात वर करा, खाली बसा, बुटाची नाडी बांधायची तसं वाका. बाहेर थांबलेल्यांना थांबू द्या. पाच मिनिटांत घाईने घेतलेली ब्रा पुढे रोज दहा-बारा तास आपल्यालाच सोसायची असते.

एक फसवी गोष्ट: कपाच्या वरच्या कडेला पोकळी दिसली की आपण कप मोठा झाला म्हणतो. तसं असेलच असं नाही. कप इतका लहान असू शकतो की स्तन आत शिरतच नाही, कपालाच पुढे ढकलतो आणि वर फट पडते. किंवा मापाचा नाही, आकाराचा घोळ असतो. कुणाची छाती खालून भरलेली, कुणाची वरून, कुणाची पसरट, कुणाची पुढे आलेली. साच्यात घडवलेल्या गुळगुळीत टी-शर्ट ब्राला एकच आकार ठाऊक असतो, त्यात तुम्ही बसलात तर बसलात. म्हणून मोठ्या मापात मी तरी दोन-तीन तुकडे शिवून केलेल्या कपाच्या बाजूने आहे, शक्यतो काखेच्या बाजूने आधार देणारी आतली पट्टी असलेला. टी-शर्टमधून शिवण दिसते ही तक्रार खरी आहे. दिसू दे! दोन्ही बाजू एकसारख्या नसतील (बहुतेकींच्या नसतात) तर मोठ्या बाजूच्या मापाने कप घ्या.

वायरबद्दलची भीती एकदाची काढून टाकूया. वायरच्या ब्राने स्तनाचा कर्करोग होतो असा फॉरवर्ड अधूनमधून फिरतच असतो. सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर रिसर्च सेंटरने पाळी गेलेल्या बायकांवर केलेला अभ्यास २०१४ साली आला. त्यात ना वायरचा संबंध दिसला, ना रोज किती तास ब्रा घातली याचा. वायर टोचते ती बहुतेक वेळा कप लहान असल्याने ऊतीवर बसते म्हणून. तरी नकोच वाटत असेल तर बिनवायरच्याही चांगल्या मिळतात, मात्र तिथे बँड आणखी नेमका लागतो. अंगावर पाजणाऱ्या आयांनी घट्ट, दाबणाऱ्या ब्रापासून लांब राहावं हे मात्र खरं, दूध अडून गाठी येऊ शकतात. आणि त्या काळात माप सारखं बदलतं, तेव्हा एकदम सहा घेऊन ठेवू नका.

व्यायामाचं दुखणं वेगळंच. पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ची, तीन अमेरिकन बायकांनी स्वतःच्या गरजेतून शिवलेली. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आला त्यानंतर आठ वर्षांनी बायकांना पळता येईल असा कपडा सुचला. पोर्ट्समथ विद्यापीठात यावर बरंच मोजमाप झालंय. पळताना स्तन वर-खाली तर हलतातच, शिवाय बाजूला आणि पुढे-मागेही हलतात. नुसती छाती दाबून सपाट करणारी बनियनसारखी ब्रा लहान मापाला चालते. भरलेल्या छातीला दोन्ही बाजू वेगवेगळ्या कपात धरणारी हवी, बँड आणि कपाच्या मापात मिळणारी. स्मॉल-मीडियम-लार्ज लिहिलेल्या डब्यात ती सहसा नसते. शाळेतली एखादी मुलगी खेळाच्या तासाला अचानक पोटदुखी सांगायला लागली, खांदे पाडून चालायला लागली, तर तिला "सरळ चाल" म्हणून ओरडण्याआधी तिच्या मापाची ब्रा घेऊन द्या.

नीट बसलेल्या ब्रानेही पाठ, मान, खांदे दुखायचे थांबत नसतील, स्तनाखाली सारखं लाल होऊन चिघळत असेल, तर डॉक्टरकडे जा. स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया काही बायकांसाठी खरंच औषध असते. तिला नखरे म्हणणाऱ्यांनी आठवडाभर तेवढं वजन गळ्यात अडकवून फिरून दाखवावं.

राहता राहिलं धुणं. हुक लावून, जाळीच्या पिशवीत किंवा हाताने, गार पाण्यात. पिळायची नाही, ड्रायरमध्ये तर अजिबात टाकायची नाही, उष्णतेने इलॅस्टिक मरतं. एकच ब्रा लागोपाठ रोज घालू नका, दोन-तीन आलटून पालटून वापरल्या की इलॅस्टिकला मूळ जागी यायला वेळ मिळतो. आणि सगळ्यात आतल्या हुकावर लावूनही बँड पाठीवर चढायला लागला की ती ब्रा संपली. कितीही महाग असो, लेस कितीही सुंदर असो, कपाटातून काढून टाका.