मंगळवारचा किल्ट

लग्नसमारंभात किल्ट, म्हणजे स्कॉटलंडमधील पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, घालणे सोपे असते. एडिंबरामध्ये तो भाड्याने मिळतो, निम्मे वऱ्हाड त्याच वेषात असते, आणि दुसऱ्या दिवशी तो परत केला की माणूस पुन्हा आपल्या विजारीत सुखाने नांदू लागतो. खरी कसोटी लागते ती एखाद्या साध्या मंगळवारी, कांदे-बटाटे आणायला निघताना. हा उपद्व्याप साताऱ्याच्या माणसाने कशासाठी करावा, असे पत्नीने विचारलेच. इथला कर भरतो, तर इथला वेष का नको, असे बाणेदार उत्तर मी दिले. "इथली माणसं तरी कुठे घालतात रोज?" असे ती म्हणाली, आणि ते खरे असल्यामुळे मी ते ऐकले नाही.

पुऱ्या किल्टला साधारण आठ वार लोकरी कापड लागते. माझी आजी नऊवारी नेसून विहिरीचे पाणी शेंदत असे, तेव्हा एक वार कमी असलेले वस्त्र मला सहज झेपेल असा माझा हिशेब होता. मात्र आजीचा काष्टा मागे घट्ट खोचलेला असे, आणि ही सोय स्कॉटलंडच्या पूर्वजांनी केलेली नाही. किल्टच्या चुण्या मागे मोकळ्या असतात, त्यामुळे बसताना मागून तळहात फिरवून त्या सारख्या कराव्या लागतात. नाहीतर बसच्या गार आसनाशी आपली थेट ओळख होते, तशी ती माझी झाली. समोरच्या आजीबाईंनी माझ्या गुडघ्यांकडे एकवार पाहून नजर खिडकीबाहेर वळवली, तेव्हा गुडघे मिटून बसणे ही जगातल्या निम्म्या माणसांकडून लहानपणीच घोटून घेतलेली विद्या आहे, हे माझ्या ध्यानात आले. किल्टला खिसा नसतो. पैशांसाठी पोटाखाली लटकणारी स्पोरन नावाची चामडी पिशवी उघडावी लागते, आणि भर बसमध्ये त्या जागी मान खाली घालून चाचपडणारा माणूस कितीही सुशिक्षित असला तरी सभ्य दिसत नाही.

ब्रिटिश सरकारने १७४६ च्या कायद्याने हायलँडमधील, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखातील, पुरुषांना या वेषाची बंदी केली होती. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने तुरुंग होता, आणि ही बंदी १७८२ मध्ये उठली. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हा त्याने स्वतःच किल्ट घातला, मात्र आत अंगाच्या रंगाची तंग तुमान चढवून. त्याबद्दल त्याची पुष्कळ टिंगल झाली. वेव्हर्ली स्थानकातून प्रिन्सेस स्ट्रीटकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर पाऊल ठेवताच तो राजा मला अतिशय दूरदर्शी वाटू लागला, कारण तिथला वारा चारी दिशांनी येतो आणि शिवाय खालूनही येतो. किल्टच्या पुढच्या पदराला एक मोठी पिन असते, परंतु ती फक्त वरच्या पदरातूनच घालायची असते. दोन्ही पदर एकत्र टाचले तर चालताना कापड ओढले जाऊन फाटते. म्हणजे जिच्या भरवशावर मी घराबाहेर पडलो होतो, ती पिन निव्वळ शोभेची आणि थोड्याशा वजनाची निघाली.

एका हाताने पुढचा पदर आणि दुसऱ्याने कांद्यांची पिशवी सांभाळत मी वर पोहोचलो, तोच मागून एका बाईंचा मराठी आवाज आला, "अहो, हा आपल्याकडचाच वाटतोय." त्यावर त्यांच्या सोबतच्या गृहस्थांनी ठामपणे सांगितले, "छे! आपला माणूस एवढ्या थंडीत पाय उघडे टाकील होय?" या युक्तिवादात खोट काढण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून मी गप्प राहिलो. बाईंनी इंग्रजीत छायाचित्राची परवानगी मागितली, मी जमेल तितक्या स्कॉटिश उच्चारात होकार दिला आणि किल्ल्याकडे पाठ करून, छाती काढून उभा राहिलो. अभिवादनासाठी पदरावरचा हात उचलायला आणि वारा यायला एकच गाठ पडली, आणि माझ्या तोंडून जे निघाले ते अस्सल साताऱ्याचे होते.