फॉरमॅटर बसवला म्हणजे कोडचे नियम ठरले, असं नाही

"फॉरमॅटर बसवा, एकदा सगळ्या कोडवर फिरवा, विषय संपला. लिखित नियम कशाला? बाकी ज्याची त्याची आवड." हा सल्ला प्रोग्रामर मंडळींमध्ये सर्रास फिरतो. फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं साधन, बसवायलाच हवा. पुढचं मात्र पटत नाही.

"विषय संपला." फॉरमॅटर मोकळी जागा, कंस, ओळीची लांबी सांभाळतो. "टाइमआउट = ३०" (म्हणजे किती वेळ वाट पाहायची) ही ओळ त्याच्या लेखी निर्दोष असते. पण ३० काय? पायथनचं टाइम.स्लीप सेकंद घेतं, जावास्क्रिप्टचं सेटटाइमआउट मिलिसेकंद. दोन्ही भाषा असलेल्या प्रकल्पात इथे हजारपट चूक होते, आणि दोष मात्र नेटवर्कमध्ये शोधला जातो. एकक नावातच लिहायचं, हे माणसांनीच ठरवावं लागतं. गो भाषेत गोफम्ट हा फॉरमॅटर जवळपास सगळेच वापरतात, तरी तिथे रिव्ह्यूसाठी (दुसऱ्याने कोड तपासताना) वेगळे लिखित नियम आहेत. उदाहरणार्थ, एररचा मजकूर कॅपिटल अक्षराने सुरू करू नका, कारण तो बहुधा दुसऱ्या संदेशाच्या मध्येच छापला जातो. हे कारण कुठलाही फॉरमॅटर सांगणार नाही.

"ज्याची त्याची आवड." पायथनच्या पेप ८ या शैलीच्या नियमावलीत ओळ ७९ अक्षरांची, टीमचं एकमत असेल तर ९९ पर्यंत, ब्लॅक हा फॉरमॅटर ८८ धरतो. यातला कुठलाही घ्या, पण एकच घ्या. दोघांचे एडिटर वेगळ्या आकड्यावर असले की दर सेव्हला त्याच ओळी मोडतात नि जुळतात, आणि खरा दोन ओळींचा बदल त्या गर्दीत रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेतून निसटतो.

"एकदा सगळ्या कोडवर फिरवा." सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. आधी उघड्या पुल रिक्वेस्ट (तपासणीसाठी मांडलेले बदल) मर्ज करा, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळा, नाहीतर जवळजवळ प्रत्येकीत कॉन्फ्लिक्ट येईल, म्हणजे त्याच ओळींचे दोन बदल एकमेकांना भिडतील. फॉरमॅटरची आवृत्ती पक्की करा. मग निव्वळ फॉरमॅटिंगची एक कमिट (बदलाची नोंद) करा. लॉजिकचा एकही बदल तिच्यात नको. तिचा पूर्ण हॅश (कमिटचा ओळखक्रमांक) एका फाइलमध्ये नोंदवा आणि गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या 'ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल' सेटिंगमध्ये त्या फाइलचं नाव द्या. ही सोय गिट २.२३ पासून आहे, पण सेटिंग प्रत्येकाला आपापल्या मशीनवर करावं लागतं. हॅश मर्ज झाल्यानंतरचाच घ्या. स्क्वॉश केलं, म्हणजे अनेक कमिट एकीत गुंडाळल्या, की तो बदलतो. हे राहिलं तर ब्लेममध्ये, म्हणजे कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीत, हजारो ओळींपुढे फॉरमॅटर फिरवणाऱ्याचंच नाव दिसतं.

"लिखित नियम कशाला?" कारण न लिहिलेला नियम नवख्याला रिव्ह्यूत बोलणी खाऊनच कळतो. मशीन तपासू शकतं ते कागदावर नको. उरलेल्या प्रत्येक नियमाला एक कारण, एक चुकीचं आणि एक बरोबर उदाहरण द्या. वाद झालाच तर चालू पुल रिक्वेस्ट जुन्या नियमानेच मर्ज करा आणि नियमातला बदल वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये मांडा.