लिथियम-११ : त्रिज्या मोजली कशी?

लिथियम-११ (तीन प्रोटॉन आणि आठ न्यूट्रॉन असलेला लिथियमचा अल्पायुषी प्रकार) याचे केंद्रक अपेक्षेपेक्षा बरेच मोठे असल्याचे त्यावरील लेखात म्हटले आहे, परंतु ते मोजले कसे हे राहून गेले, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. ज्याचे अर्धायुष्य ९ मिलिसेकंदांहूनही कमी, त्याचे, कणांचा मारा करण्यासाठी, स्थिर लक्ष्य बनवणार कसे? म्हणून इसाओ तानिहाता आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये बर्कली येथील बेव्हॅलॅक या कण-त्वरकावर (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर) मांडणी उलटी केली : या अल्पायुषी केंद्रकांचाच झोत कार्बनसारख्या स्थिर लक्ष्यावर सोडून, त्यातली किती केंद्रके टकरीत मोडतात यावरून त्रिज्या काढली. बाहेरचे दोन न्यूट्रॉन अत्यंत सैल बांधलेले असल्याने दूरवर पसरतात, हे स्पष्टीकरण हॅन्सन आणि जॉन्सन यांनी १९८७ मध्ये दिले.

या दोन न्यूट्रॉनांसाठी लेखात वापरलेला ‘न्यूट्रॉनची साल’ हा शब्द मात्र पटला नाही. साल घट्ट असते, हे तर विरळ धुके आहे. शिवाय आतला गाभाही, म्हणजे ते दोन न्यूट्रॉन वगळता उरणारे लिथियम-९, स्वस्थ बसत नाही : २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेझर वर्णपटमापनानुसार लिथियम-९ ची विद्युतभार-त्रिज्या (प्रोटॉनांचा भार किती दूरवर पसरला आहे याचे माप) सुमारे २.२ फर्मी (१ फर्मी = १०⁻¹⁵ मीटर), तर लिथियम-११ ची जवळपास २.५ फर्मी भरते, वास्तविक दोहोंत प्रोटॉन तीनच.