जबाबदारी फक्त लोकांचीच?

"आपल्या लोकांना शिस्तच नाही, म्हणून करोना एवढा पसरला." विषय निघाला की आजही कुणीतरी हे म्हणतंच. म्हणणाऱ्याचा पगार करोनाच्या काळात घरबसल्या चालू होता, घरात एक खोली आजाऱ्यासाठी मोकळी ठेवता येत होती. मला याचा मनापासून राग येतो.

आधी स्पष्ट सांगते, मी मास्कच्या किंवा लसीच्या विरोधात अजिबात नाही. साथीच्या काळात माझा खोकला माझ्यापुरता राहत नाही. ताप लपवून लग्नाला गेलेले, पन्नासची परवानगी असताना दोनशे पानं उठवणारे, यांची बाजू मी घेणार नाही. त्यांना घरी थांबणं शक्य होतं. वारकऱ्यांनी २०२० साली पायी वारी सोडली, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. ज्यांच्यासाठी ही शेकडो वर्षांची परंपरा आहे त्यांना हे जमलं, मग वाढदिवसाची पार्टी का रद्द होत नव्हती?

पण हातावर पोट असलेल्या माणसाला हाच प्रश्न विचारता येत नाही. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, शौचालय सार्वजनिक. तिथे "अंतर ठेवा" सांगून काय होणार? महापालिकेने ते ओळखलं. खाजगी डॉक्टरांना सोबत घेऊन वस्तीत तपासणी केली, शाळा आणि क्रीडा संकुल विलगीकरणासाठी घेतलं, तिथे जेवणाची सोय केली, शौचालयं वारंवार निर्जंतुक केली. लोक तपासणीला पुढे आले, विलगीकरणात गेले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला धारावीत एकही नवा रुग्ण नव्हता. पुढे दुसरी लाट तिथेही आली, हे खरं. तरी सोय केली की 'बेशिस्त' लोक नियम पाळतात, हे तिथे दिसलं.

आणि कायदा कोणता वापरला? १८९७ चा साथरोग कायदा. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घराघरात घुसले होते. त्या जेमतेम चार कलमांच्या मूळ कायद्यात सरकारला अधिकार होते, नियम मोडणाऱ्याला शिक्षा होती, सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण होतं. सरकारने लोकांना काय द्यायचं, याबद्दल एक ओळ नव्हती. २०२० मध्ये दुरुस्ती झाली ती मुख्यतः आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी. ती हवीच होती. पण लोकांना काय द्यायचं, हे तेव्हाही लिहिलं गेलं नाही. हा कायदा अपुरा आहे, असं विधी आयोगानेही २०२४ मध्ये सांगितलं.

'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजत आशाताई फिरल्या. मोहीम चांगलीच होती. पण त्याच आशाताईंना जून २०२१ मध्ये मानधनासाठी संपावर जावं लागलं. त्यांच्या कुटुंबाची जबाबदारी कुणाची होती?

नवीन साथरोग कायदा होईल तेव्हा त्यात दंडाच्या रकमेआधी हे लिहा: विलगीकरणात गेलेल्या मजुराची बुडालेली मजुरी किती दिवसांत मिळेल, घरी रेशन कोण पोचवेल, आणि हे झालं नाही तर त्याने कुणाकडे दाद मागायची. ते लिहून ठेवा, मग त्या मजुराने नियम मोडला तर मीसुद्धा त्याला जाब विचारेन.