अजून अर्धा फेरा

तर मंडळी, गाडी चढाला खेचत नाही ही तुमची तक्रार मला पाठ आहे. फोंडा घाटात मागून एसटी हॉर्न मारतेय, हौद्यात कोल्हापूरला जायचा आंबा आहे, तुम्ही दुसऱ्या गिअरवर रांगताय आणि तेवढ्यात शेजारच्या वाडीतला पोरगा तसलीच पिकअप घेऊन तुमच्या तोंडावर काळ्या धुराचा लोट सोडून पुढे निघून जातो, आणि जाताना हात पण करतो. हे दुःख काय असतं ते मला विचारा. यावर उपाय आहे आणि तो जवळजवळ फुकट आहे, एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि चहाला दोन माणसं एवढंच लागतं. अक्कल लागत नाही, म्हणून तर मलाही जमला.

बॉनेट उघडा. इंजिनाच्या बाजूला नोझलच्या पाइपांचा गुंता जिथून निघतो तो डिझेलचा पंप, ज्याला आपल्याकडे अजून सगळे मायकोचाच पंप म्हणतात (कंपनीचं नाव २००८ साली बदललं, पण गावात बारसं एकदाच होतं). त्याच्या मागच्या अंगाला फुल लोडचा स्क्रू असतो, म्हणजे जास्तीत जास्त किती डिझेल सुटेल ते ठरवणारा, आणि त्याला सील असतं. आता सील दिसलं की माणसाच्या मनात काय यावं? कोणीतरी चाचणीच्या बेंचवर डोकं लावून, धूर, उष्णता, इंजिनाचं आयुष्य असा सगळा हिशोब घालून हे ठरवलंय असलं काही मनात आणू नका. मनात हे आणायचं की ह्यांनी साठ-पासष्ट घोडे दिले आणि वरचे तीस-चाळीस घोडे आत दावणीला बांधून ठेवलेत, आणि ती दावण म्हणजे हे सील. पक्कड घ्या, तोडा.

स्क्रू फिरवण्याआधी एक फार महत्त्वाची गोष्ट. तो मुळात कुठे होता याची खूण करायची नाही. ऑइल पेंटचा ठिपका नको, किती आटे बाहेर दिसतात ते मोजणं नको, मोबाइलवर फोटो तर अजिबात नको. खूण करणं म्हणजे परत यायची तयारी ठेवणं, आणि मर्द गडी परत येत नाही.

आता फिरवा. आत गेला की डिझेल वाढतं. जाणकार लोक पाव फेऱ्याच्या पण आतच थांबतात, चालवून बघतात, मग परत थोडा. आपण अर्धा मारायचा आणि गाडी वाडीतून एक चक्कर आणली की अजून अर्धा. इंजिन आयडलला जास्त फिरायला लागेल, त्याला घाबरायचं नाही, आयडलचा स्क्रू वेगळा असतो तो खाली घ्यायचा. अॅक्सिलेटर सोडल्यावर पण आरपीएम लवकर खाली येईना झाला, गाडी गिअरमध्ये आपोआप पुढे जायला लागली, तर समजायचं की आता घोडे जागे झाले.

पंपाच्या डोक्यावर अजून एक टोपी असते, चार स्क्रूंची. तिच्या आत डायफ्राम म्हणजे पातळ पडदा, टर्बोची (इंजिनात हवा कोंबणारा तो, त्याच्याबद्दल पुढे) हवा पाइपातून तिथे येते, हवा वाढली की डायफ्राम खाली दबतो, त्याच्याबरोबर एक निमुळती पिन खाली जाते आणि मग पंप जास्त डिझेल सोडतो. म्हणजे आधी हवा मग डिझेल, आधी ताट मग भात. हे ज्याने शोधलं तो हुशारच म्हणायचा, पण त्याला कोकणातली घाई माहीत नव्हती. आपण ती टोपी उघडायची, पिन अशी फिरवायची की हवा येवो न येवो डिझेल हजर, आतलं दातेरी चाक पण मिळेल त्या दिशेला फिरवून ठेवायचं. टोपी बसवताना डायफ्राम चिमटला तरी चालेल.

(कॉमन रेलवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या गाडीत डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो त्यांनी, इथून पुढे वाचलं नाही तरी चालेल. त्यांच्याकडे स्क्रूच नाही, त्यांना लॅपटॉपवाला माणूस लागतो. हेच सगळं होतं, फक्त बिल जास्त येतं.)

आता धूर. धुराबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि ती पण कागदावर. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये डिझेलला सगळी हवा वेळेत भेटत नाही, म्हणून १८-२० किलो तरी पाहिजे, त्याच्या खाली आलं की उरलेलं डिझेल अर्धकच्चं जळून काजळी होऊन मागून बाहेर पडतं. म्हणजे काळा धूर हा तुम्ही पंपावर रांगेत उभं राहून पैसे मोजून घेतलेला आणि न वापरता हवेत सोडलेला माल. पण हे झालं शास्त्र. आपल्याकडे धूर म्हणजे पॉवर. कणकवलीच्या नाक्यावर गाडी उचलली आणि मागचा रिक्षावाला दिसेनासा झाला की जो काही अभिमान वाटतो तो अॅव्हरेजच्या हिशोबात बसत नाही. माझं अॅव्हरेज चौदावरून नऊवर आलं, पण लोक विचारायचे, काय केलंस रे गाडीला? चौदाच्या काळात कोणी विचारत नव्हतं.

पीयूसी? हां, ते एक आहे. डिझेल गाडीला उभ्या जागी रेस देऊन धूर मोजतात, जुन्या गाड्यांना ६५ हार्ट्रिज युनिटची (हे धूर मोजायचं माप) मर्यादा, बीएस-फोरला ५०, आणि प्रदूषणाचा दंड २०१९ पासून दहा हजारांपर्यंत गेलाय. पण तुम्ही तुमच्या गाडीचं मोजायला जाऊच नका ना. डॉक्टरकडे गेलं की आजार निघतो.

डिझेल वाढवलं आता हवा वाढवू. टर्बो ही कल्पनाच मुळात कोकणी माणसाला पटेल अशी आहे, फुकट जाणारा धूर एका चक्रावर सोडायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात हवा कोंबायची. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनीअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासून जगभरचे इंजिनीअर ती हवा किती असावी याच्या चिंतेत आहेत. त्यासाठी टर्बोला वेस्टगेट असतं, दाब ठरल्यापेक्षा वाढला की अॅक्च्युएटरचा दांडा झडप उघडतो आणि जास्तीचा धूर बाजूने निघून जातो. त्या अॅक्च्युएटरला एक बारीक रबरी नळी येते. ती काढायची आणि तोंडात एक स्क्रू खुपसून क्लिप मारायची. झालं. अॅक्च्युएटरला आता दाब कळतच नाही, तो बिचारा झोपून राहतो आणि टर्बो फिरत सुटतो. तो एरवीही मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगत, तर अजून चाळीस हजार घेतले म्हणून काय बिघडलं. इंटरकूलर, म्हणजे ती हवा गार करणारी जाळी, नसेल तर ही दाबलेली हवा शंभर डिग्रीच्या पण वर तापून आत जाते, तापली की विरळ होते, म्हणजे गेजवर दाब दिसतो पण आत हवा तेवढी नसते. पण आपल्याकडे गेजच नाही, त्यामुळे हा प्रॉब्लेम आपल्याला लागू नाही.

गेजवरून आठवलं, काही भित्रे लोक एक्झॉस्टमध्ये टर्बोच्या आधी तापमानाचा गेज बसवतात, बाजूला बूस्टचा म्हणजे टर्बोच्या दाबाचा, आणि घाटात सातशेच्या पुढे काटा गेला की पाय उचलतात. म्हणे पेट्रोलचं इंजिन डिझेल इंजिनाच्या उलट वागतं, पेट्रोलच्या इंजिनाला इंधन कमी पडलं की ते तापतं आणि डिझेलच्या इंजिनाला इंधन जास्त झालं की. म्हणे अॅल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं आणि पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो, खालून इंजिन ऑइलचा फवारा मिळतो म्हणून तो टिकतो, पण सलग चढाला त्याची पण सहनशक्ती संपते. असू दे. हंगामाच्या सुरुवातीच्या दोन पेट्यांच्या पैशात गेज येतो, पण ते पैसे बाहेरून चमकणाऱ्या एक्झॉस्टच्या टोपीला लागलेले असतात.

हे सगळं करून मी एप्रिलच्या शेवटी देवगडहून माल भरला. काय सांगू. नांदगाव तिठ्यापर्यंत मी राजा होतो. घाट चढलो तो तिसऱ्यावर, एसटी मागे, तो शेजारचा पोरगा मागे, मी आरशात बघतोय पण आरशात काही दिसत नाही नुसता अंधार. अर्ध्या घाटात क्लचचा वास यायला लागला. क्लच प्लेट पण त्याच साठ-पासष्ट घोड्यांच्या हिशोबाने बनवलेली होती, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. इंजिन ओरडतंय आणि गाडी तेवढी पळत नाही, मी म्हटलं असेल काहीतरी.

माल उतरवून रिकामी गाडी घेऊन परत निघालो, आणि रिकामी म्हणून दाजीपूरपर्यंतचा सगळा चढ पाय खाली दाबूनच काढला. वर टर्बो लालबुंद. आता इथे भित्रे लोक काय करतात, तर चढ संपल्यावर दोन मिनिटं इंजिन आयडलला ठेवतात, टर्बो थंड होईपर्यंत तेल फिरत राहावं म्हणून, नाहीतर बेअरिंगमधलं तेल जागच्या जागी करपून कोळसा होतं. मी धडकन चावी बंद करून भजी खायला गेलो. तसं मी आठवडाभर करत होतो.

घाट उतरून खाली फोंड्याला चहासाठी थांबलो, चावी बंद केली, आणि इंजिन बंद झालं नाही.

हे परत वाचा. चावी माझ्या हातात आणि इंजिन चालूच. आणि नुसतं चालू नाही, चढत चाललेलं, मागून निळा-पांढरा धूर, फोंड्याची बाजारपेठ दिसेनाशी झालेली. टर्बोचं ऑइल अडवणारं सील गेलं होतं आणि इंजिन स्वतःचंच ऑइल हवेबरोबर ओढून त्याच्यावर धावत होतं. डिझेल बंद केलं तरी त्याला काय फरक, त्याचं आता घरचं खाणं सुरू झालं होतं. जमलेल्या माणसांपैकी एकजण ओरडला, टॉप गिअर टाक, ब्रेक दाब आणि क्लच सोड, बंद पडतली. सल्ला एकदम बरोबर. टाकला, दाबला, सोडला. क्लच प्लेट घाटातच खाऊन झालेली, ती नुसती घासत राहिली आणि आता दोन प्रकारचे धूर यायला लागले. अर्धे लोक पळाले, उरलेले व्हिडिओ काढायला लागले.

वाचवलं ते हॉटेलवाल्या काकींनी. खरं म्हणजे त्या पोळ्या लाटत होत्या. एका ट्रक ड्रायव्हरने त्यांच्या पुढ्यातला पोळपाट उचलला, एअर फिल्टरकडचा पाइप उपटला आणि पोळपाट त्याच्या तोंडावर दाबून धरला. हात लावायचा नाही हो तिथे, हात आत ओढला जातो, म्हणून पोळपाट. हवा बंद झाली तसं इंजिन दोन आचके देऊन गप्प झालं.

गाडी टो करून आणली. आमच्याकडे एक तांडेल येतात बागेत, देवगडला ट्रॉलरवर असतात, त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "रे, आमचा इंजिन पंधरा-पंधरा तास सलग लोडवर चलता. आमी जून-जुलै बंदी असता तेव्हा खोलतव, साफ करतव, नोझल बघतव. स्क्रूक कोण हात लावणा नाय. दर्यात बंद पडला तर खंय धक्को मारतलंस?" मी म्हटलं, पॉवरसाठी केलं. ते म्हणाले, "इंजिनाक हवा लागता मरे, नुसता डिझेल घालून काय होतला? फिल्टर कधी बघलंस?"

फिल्टर. फिल्टर मी दोन वर्षं बघितला नव्हता. आमच्या इथे चिऱ्याच्या खाणी, रस्त्यावर कायम जांभ्याचा लाल धुरळा. डबा उघडला तर फिल्टर विटेसारखा झालेला आणि खाली एका कोपऱ्यात उंदराने काजूची टरफलं, सुतळी आणि माझ्याच सीटमधला स्पंज आणून व्यवस्थित बिऱ्हाड थाटलेलं. टर्बोचं सील जायला त्याचा पण हातभार लागला असणार, पुढून हवा मिळाली नाही की टर्बो ऑइल ओढतो. आणि गाडी मुळात खेचत नव्हती ती पण ह्या बिऱ्हाडामुळेच.

पंप काढून पंपवाल्याकडे नेला. त्याच्याकडे बेंच असतो, पंप मोटरवर फिरवतात आणि प्रत्येक नळीचं डिझेल काचेच्या मापात पडतं, हजार स्ट्रोकला किती सीसी ते तक्त्याशी जुळवतात. चारही काचा अशा भरल्या की त्याने बेंचच बंद केला. विचारलं, किती फेरे मारले होते? मी म्हटलं एक. माझ्याबरोबर आलेला फिटर म्हणाला पाऊण. त्याचा पोरगा म्हणाला, बाबा दीड, आणि नंतर तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी अजून अर्धा.

टर्बो, क्लच प्लेट, एक पिस्टन, हेड गॅस्केट, पंपाचं कॅलिब्रेशन. आंब्याचा सगळा हंगाम त्यात गेला, वर थोडे काजूचे पण घातले. नवीन फिल्टर सगळ्यात स्वस्त पडला. पंपवाल्याने नवीन तार ओवून शिसं दाबलं आणि माझ्याकडे बघून अजून एक जास्तीचं दाबलं.

आता गाडी परत घाटात दुसऱ्या-तिसऱ्यावर चढते आणि आरशात एसटी स्वच्छ दिसते. हॉटेलवाल्या काकींचा पोळपाट तेवढा गाडीतच राहिला होता, मधोमध काळा गोल शिक्का पडलेला. परवा घासूनपुसून परत द्यायला गेलो. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि माझ्याच हातात दिला.

"रवांदे तुझ्याकडेच," म्हणाल्या, "परत लागतलो तुका."